आवाज न करणारी पिशवी

आडवाटेने जाणाऱ्या जीपची औजारांची पिशवी कशी भरावी, हे अख्ख्या नांदेडात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर एक जुनी जीप घेतली. आमची सौदामिनी तिला माझी दुसरी शाळा म्हणते. फरक इतकाच, की ही शाळा मधेच कुठेही सुटते!

त्या रविवारी नातवंडांना इस्लापूरजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायचा बेत ठरला. सूनबाईंनी एका अटीवर सोडलं.

"बाबा, चारला क्लासची टेस्ट आहे. चुकली तर दोघं थेट शेवटच्या बॅचमध्ये! मग वर्षभर पंख्याखाली जागासुद्धा मिळायची नाही."

"चारच्या आत मुलं क्लासच्या दारात. शब्द!"

आदल्या संध्याकाळी मालविका आणि मिहिरला घेऊन मी पिशवी भरायला बसलो.

"सगळ्यात जड काय?"

"जॅक!"

"तो कुठे?"

"तळाशी!"

"आणि आधी लागणारं?"

"वर!"

"शाबास! पाने, पक्कड माझ्या जुन्या धोतरात गुंडाळा. चांगल्या पिशवीचा कधी आवाज येत नाही."

त्या वर्षी नांदेडात आवाज यायचा तो जमिनीखालून. मधेच गुडगुड व्हायची आणि किल्लारीचा भूकंप आठवून माणसं बाहेर पळायची. घरोघरी दाराशी एक भरलेली पिशवी तयार असे. आमची सौदामिनीने भरली होती, म्हणजे मैदानात मुक्काम पडला तरी पाहुणचारात कमी पडू नये अशी! त्यातच क्लासवाल्यांनी प्रवेशाबरोबर एकेक निळी पिशवी फुकट दिलेली. दोन नातवंडं, दोन पिशव्या. एक तिने घेतली, एक मी. दोन्ही दाराशी शेजारी-शेजारी!

सकाळी मी एक उचलली आणि मुलांपुढे जोरात हलवली.

"ऐका! काही वाजतंय?"

"नाही, आजोबा!"

"याला म्हणतात भरणं!"

धबधबा झकास झाला. परतताना मुलांना आडवाट कशी असते ते दाखवावं म्हणून मी जीप बैलगाडीच्या वाटेला घातली. मैलभरात रेडिएटरचा पाईप चिरला आणि बॉनेटमधून कुकरसारखी वाफ सुटली!

"घाबरायचं नाही. आता प्रात्यक्षिकाचा तास! मालविका, पिशवी उघड. वर काय आहे?"

"चिवडा."

"काय?"

"चिवड्याचा डबा, आजोबा."

"त्याखाली?"

"साबण, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, अडकित्ता…"

"आणि तळाशी?"

"लोणच्याची बरणी."

मिहिर खूश झाला. "आजोबा, आजीनेपण जड तळाशीच ठेवलंय!"

बरणीभोवती, फुटू नये म्हणून, एक साडी गुंडाळली होती. सौदामिनीची इरकल! माहेरची, घडी न मोडलेली. 'मैदानात चार लोकांपुढे जुनेर नेसू का?' असं म्हणून तिनेच ती पिशवीत ठेवली होती.

चिरलेल्या पाईपावर घट्ट आवळायला लांब, मजबूत पट्टी हवी होती. माझा रुमाल तोकडा. धोतर घरी, पान्यांना नेसवलेलं! डोळ्यांपुढे एकदा सूनबाई यायच्या, एकदा सौदामिनी. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी इंजीन निवू दिलं, चिरेत साबण दाबून भरला, अडकित्त्याने साडीचा काठ कातरला आणि डोळे मिटून टर्रकन ओढला!

तो पाईपाला आवळत होतो, तेवढ्यात एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीवाले दगडोबा खाली उतरून बॉनेटमध्ये डोकावले.

"गुरुजी, गाडीला लुगडं नेसवून राहिले काय?"

"हाव."

"मंग ओटीबी भरा की!"

मी त्यांना चिवडा दिला. त्यांनी मला ओढ्यातून पाणी आणून दिलं. जीप चालू झाली!

दर दोन-चार गावांनंतर थांबून पाणी ओतत, देवाचं नाव घेत, चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही क्लासपुढे उभे राहिलो. मुलं उड्या मारून उतरली आणि लगेच परत आली. दाराला कुलूप! वर चिठ्ठी: 'दुपारी जमिनीतून आवाज झाल्यामुळे आजची टेस्ट रद्द.'

घर गाठलं, तर सगळी गल्ली मैदानात! मधोमध जॅकवर सौदामिनी बसलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"अहो, चार बायांना म्हटलं, या, चिवडा खा. हात घातला तर ग्रीसचा डबा!"

"आजी, आधी लागणारं वर ठेवायचं असतं," मिहिरने समजावलं.

"असू दे. माझी साडी तेवढी आणा. हात धुते आणि ही ग्रीस लागलेली बदलते."

मुलांनी हळूच जीपकडे बघितलं. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि खाली थेंब थेंब पाणी गळत होतं.

पुढच्या रविवारी टेस्ट झाली आणि दोघांनाही पंख्याखालची जागा मिळाली. औजारांची पिशवी अजूनही मीच भरतो, अगदी शास्त्रशुद्ध. फक्त तिच्या बंदाला सौदामिनीने इरकलीच्या उरलेल्या काठाने बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली आहे. आता मी पिशवी नुसती उचलली तरी अख्ख्या गल्लीला कळतं, गुरुजी निघाले!