पेट्रोल-डिझेलाचा कौल आणि पहिला नारळ

श्री डोंगराई प्रसन्न. चारही चाकांस बळ आणि चाकामागील माणसांस अक्कल देवो. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, आषाढापासून माघापर्यंत एका संस्थानात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे; पदरचे मीठ चवीपुरतेच घातले. संस्थानाचे नाव पुसू नये, कारण तेथील सर्व मंडळी अद्याप एकाच सोसायटीत राहतात आणि एकाच टाकीचे पाणी पितात.

त्या संस्थानी राजश्री भगवंतराव नामे पुरुष, पाटबंधाऱ्याचे कचेरीत मोठे साहेब, मनाचे निर्मळ, परंतु एका शल्याने आतून पोखरले होते. ते शल्य ऐसे जे, माघी पौर्णिमेस सारा गोतावळा गाड्या घेऊन घाटमाथ्यावरील डोंगराईस जाई, आणि रीत ऐसी जे, पायथ्याशी चहा घेऊन सर्वांनी एकदम निघावे, आणि जो प्रथम देवळी पोहोचेल त्याणे पहिला नारळ फोडावा. 'ज्याच्या हाती चाक, त्याचा नारळ', ऐसा वाडवडिलांचा शब्द. पूर्वी तो बैलगाडीस होता, मग मोटारीस लागू जाहला. आणि तो मान बारा वर्षे रावांचे मेहुणे हैबतराव आपल्या डिझेल जीपच्या जोरावर एकटे खात होते, आणि राव आपली जुनी गाडी वळणावळणावर थांबवून तिचे डोके थंड करीत, आणि देवळी पोहोचत तो नारळाचा प्रसाददेखील वाटून संपलेला असे. वर हैबतराव मिशीवर हात फिरवून म्हणत, "या दाजी, शेंडी तेवढी राहिली आहे." बारा वर्षे हे ऐकून घेणे म्हणजे गंमत नव्हे. राव घरी येऊन जेवत नसत.

मग रावांणी मनसुबा केला जे, यंदा नारळ आपला. त्याकरिता हॅचबॅक जातीची एक तिखट गाडी हेरिली. ही जात लहान चणीची, हिचे मागील दार कपाटासारिखे वर उघडते, आणि 'स्पोर्टी' म्हणोन पाठीवर एक काळा पंख डकवितात, त्या पंखाने गाडी उडत नाही, किंमत मात्र उडते. ऐसी गाडी पसंत पडली, रंग लाल ठरला, आणि सर्व सुरळीत होणार इतक्यात विक्रेत्याने पुसिले जे, "साहेब, पेट्रोल की डिझेल?" तेथे संस्थानाचे ग्रह फिरले.

खलबत बसले. डिझेलाचा पक्ष चुलते तात्यासाहेब यांणी उचलिला. तात्यांणी उभ्या जन्मात लुनाखेरीज काही चालविले नव्हते, म्हणोन त्यांचे मत ठाम होते. ते बोलिले जे, "डिझेल म्हणजे बैल. खालून ओढतं. घाटात ओढ लागते, नखरे लागत नाहीत. आणि अ‍ॅव्हरेज बघ, अ‍ॅव्हरेज." पेट्रोलाचा पक्ष शेजारी केशवपंत यांणी घेतला, हे मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहून पाहून पंडित जाहले होते, स्वतःची गाडी मात्र गेले वर्षभर झाकून ठेविली होती. ते बोलिले जे, "तात्या, डिझेलचं नाक जड. वळणावर तोंड फिरवायला अर्ज करावा लागतो. पेट्रोल टर्बो शिट्टी घालून पळतं." मग तात्या म्हणाले, शिट्टी कुकरही घालतो, आणि केशवपंत रागे भरले, आणि चहा जाहला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात जाहली. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले, मसलत मात्र बसलीच होती. या सर्व काळात रावांच्या पत्नी सौभाग्यवती कुमुदिनीबाईसाहेब, ज्यांणी मोटार शिकून परवाना घेऊन लोणच्याच्या बरणीमागे ठेविला होता, त्यांस कोणी एक शब्द पुसिला नाही. चहात साखर किती, एवढे मात्र वरचेवर पुसत.

शेवटी देवीस कौल लावावा ऐसे ठरले. जुन्या गाडीस वाटेत पाणी पाजीत पाजीत सर्व मंडळी घाट चढोन गेली. गुरवाने देवीच्या उजव्या-डाव्या अंगास फुलांचे कळे चिकटविले, आणि रावांणी हात जोडून गाऱ्हाणे घातले जे, "आई डोंगराई, पेट्रोल घ्यावं की डिझेल घ्यावं, तूच सांग." सर्व श्वास रोखून उभे राहिले, आणि उजवा कळा टपकन पडला. "होकार," गुरव म्हणाला. सर्वांणी नमस्कार केला, घंटा वाजविली, आणि मग हळूच तात्यांणी पुसिले जे, "कशाला होकार?"

सर्वांणी गुरवाकडे पाहिले. गुरव बोलिला जे, "देवी हो किंवा नाही बोलते. अमुक की तमुक, असं तिला विचारायची रीत नाही. आणि एका गोष्टीस दोनदा कौल लावत नाहीत." म्हणजे एवढे शिकलेले लोक, त्यांत एक पाटबंधाऱ्याचे साहेब, देवीस प्रश्नही धड घालू शकले नाहीत. वर लाज वाटणे दूरच. केशवपंत म्हणाले, पेट्रोलाचे नाव आधी घेतले, सबब होकार पेट्रोलास. तात्या म्हणाले, शेवटचा शब्द डिझेल होता, देवीच्या कानी तोच राहिला असणार. पायऱ्या उतरेतो हेच चालले, आणि मागून कुमुदिनीबाई नारळाची पिशवी सांभाळीत येत होत्या, त्या बोलिल्या, "देवी हो म्हणाली. म्हणजे घ्या एकदाची." कोणी ऐकिले नाही.

मग दोन्ही गाड्या चालवून पाहाव्या म्हणोन खासा स्वारी शोरूमास गेली. रावांणी प्रथम डिझेल चालविली, मग पेट्रोल चालविली, आणि दोन्ही वरातीच्या घोड्याच्या चालीने चालविल्यामुळे दोहोंत काही अंतर जाणवले नाही. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "मी बघू का?" विक्रेता म्हणाला, "मॅडम, मागे पाय ठेवायला भरपूर जागा आहे." बाईसाहेब त्याजकडे न पाहता पेट्रोलाच्या चाकामागे बसल्या, आणि बायपासला एक फेरी मारून आल्या तो चेहरा लाल, अंबाडा सुटलेला, आणि शेजारी बसलेला विक्रेता पांढरा. उतरून म्हणाल्या, "हीच." राव सायंकाळी मंडळींस म्हणाले, "सर्व बाजूंनी विचार करून आम्ही पेट्रोल ठरविले." पुरुषांचे निर्णय ऐसेच होतात.

दसऱ्यास गाडी दारी आली, हार जाहला, चाकांखाली लिंबे चिरडली, आणि पेढा घेण्यास जो जो आला त्याणे पेढा तोंडात असताच एक प्रश्न पुसिला जे, "अ‍ॅव्हरेज किती देते?" दूधवाल्याने पुसिले, वॉचमनने पुसिले, आणि तात्या तर रोज सकाळी जिन्यात उभे राहून पुसत. रावांच्या काळजास घोर लागला. गाडीत समोर एक आकडा दिसे, लिटरास किती किलोमीटर, आणि रावांचे डोळे रस्ता सोडून त्या आकड्यास चिकटले. वाघ आणोन त्यास वरणभात घालावा ऐसे चालले. सावकाश निघावे, लगेच पाचवा गियर टाकावा, आणि उतारावर देवाचे नाव घेऊन पाय उचलावा. ज्या नारळापायी एवढा खटाटोप केला, तो नारळ आकड्याखाली पुरला गेला, आणि रावांस त्याचा पत्ता नव्हता.

माघी पौर्णिमा आली. पायथ्याशी चहा जाहला आणि फौज निघाली, आणि हैबतराव धूर सोडीत दिसेनासे जाहले. रावांणी घाटातही पाचवा गियर धरिला. इंजिन ठकठक कण्हू लागले, एसटी पुढे गेली, वऱ्हाडाचा टेम्पो पुढे गेला, आणि मागे उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर हॉर्न देऊ लागला. अर्ध्या घाटात हैबतराव जीप उभी करून साऱ्या गोतावळ्यासह उसाचा रस पीत होते, इतका त्यांस विजयाचा भरवसा. ओरडून म्हणाले, "काय दाजी, नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काय?" आणि रावांणी गाडी थांबवून, काच खाली करून, मोठ्या अभिमानाने सांगितले, "अठरा. घाटात."

हैबतराव इतके हसले की रस नाकात गेला. तेव्हा कुमुदिनीबाई खाली उतरल्या, वळसा घालून आल्या, आणि रावांच्या बाजूचे दार उघडून म्हणाल्या, "उतरा."

"अगं, अठरा पडतंय..."

"बारा वर्षं माझा भाऊ माझ्या नवऱ्याला हसतो आणि मी मांडीवर डबे घेऊन खाली मान घालते. आज मला हसू ऐकायचं नाही. उतरा म्हणते ना."

राव उतरले. डबे रावांच्या मांडीवर आले. बाईसाहेबांणी दुसरा गियर टाकिला, इंजिनाने पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला, शिट्टी घुमली, आणि तिसरा टाकिला तो, गाडी उभी असता पुढे निसटलेला ट्रॅक्टर मागे पडला, टेम्पो मागे पडला, एसटी एका लांब सरळ पट्ट्यावर रीतसर हॉर्न देऊन मागे टाकिली. हैबतरावांणी पेला फेकून जीप काढिली खरी, परंतु बैल वळणावर वळेतो लाल गाडी वरच्या वळणावर दिसत होती. रावांणी एकदा आकडा पाहिला, तो सात. छातीत कळ आली. दुसऱ्यांदा पाहण्याचे विसरले, कारण वारा आत येत होता, आणि बायको दात-ओठ खाऊन गाडी हाकीत होती, आणि राव डबे कवटाळून पोरासारखे हसत होते. ऐसा आनंद त्यांस लग्नातही जाहला नव्हता, हे त्यांणीच पुढे कबूल केले.

देवळी गुरवाखेरीज कोणी नव्हते. त्याणे गाडी पाहिली आणि नारळ सरळ रावांच्या हाती ठेविला. बारा वर्षांचा तो नारळ. रीतीप्रमाणे गुरवाने पुसिले, "चाक कोणाच्या हाती होतं?" पाहणारे कोणी नव्हते, हैबतराव दोन वळणे खाली होते, आणि रावांच्या ओठी 'आमच्या' हा शब्द येऊन बसला. बाईसाहेब अंबाडा बांधीत उभ्या होत्या. रावांणी नारळ एकवार कानाशी हालवून पाणी ऐकिले आणि म्हणाले, "हिच्या."

गुरव अडखळला. "साहेब, बाईमाणसानं नारळ फोडायची रीत नाही."

"देवीला विचार," राव बोलिले, "आणि या वेळी सरळ विचार. हिने फोडावा का?"

कळे लाविले. गुरवाने गाऱ्हाणे पुरे केले न केले, तो उजवा कळा पडला. मग कुमुदिनीबाईसाहेबांणी पदर खोचिला आणि एका घावात नारळाची दोन शकले केली, तोच जीप धापा टाकीत आली. हैबतराव उतरले, बहिणीकडे पाहिले, शकलांकडे पाहिले, आणि मान राखण्यापुरता एकच प्रश्न उरला होता तो पुसिला जे, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"ठाऊक नाही," भगवंतराव म्हणाले. "देवीला विचारा. पण हो-नाहीत विचारा." आणि नारळाची शेंडी उचलून मेहुण्याच्या हाती दिली.

सारांश, तेल कोणते घालावे याचा वाद दोन ऋतू चालला, आणि चाक कोणाच्या हाती द्यावे हे कोणी पुसिलेच नाही. तात्या आणि केशवपंत यांचा वाद आजही त्याच जिन्यात चालू आहे. गाडीची किल्ली लोणच्याच्या बरणीमागे असते. जैसे घडले तैसे लिहिले. अधिक-उणे वाटल्यास वाचणाराने घाटात गाडी स्वतः चालवून पाहावी. शुभं भवतु.