गुलशन क्लबची पनौती

"चाचा, आज अमरावतीवाल्यायसंगच्या फायनलले तुमी ग्राउंडवर येऊ नका," गुलशन क्लबचा कप्तान सहदेव दारातूनच म्हणाला.

अब्दुल रहीम गादी शिवत बसले होते. सुई कापसात तशीच रुतून राहिली. "काहून?"

"राग नका मानू. पन तुमी आले का आपन हारतोच. चारच टीमची टुर्नामेंट, अन् सेमीफायनलले तुमी तिवस्याले लग्नात होते, तर जिंकलो! पोरं म्हनतात, चाचा पनौती हाय."

"पनौती? अबे, तुहा बाप कप्तान होता तवापासून तुमचं हारनं पाहून राहिलो मी! दुसरा असता तर कवाच क्रिकेट पाहाले गेला असता!"

पण सहदेव तोवर गल्लीच्या टोकाला पोचला होता.

गुलशन क्लब हा अकोल्यातल्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातल्या कामगारांचा फुटबॉल संघ. पुढे जिनिंग बंद पडलं, कापसाचा भाव कोसळला, गिऱ्हाइकं नवी गादी करण्याऐवजी जुनीच उन्हात टाकून भागवू लागली. क्लबचं हरणं तेवढं अखंड चालू राहिलं. रहीमचाचांनी त्यातलं एकही हरणं चुकवलं नव्हतं. दिवसभर दुकानात माशीही फिरकली नाही, तरी संध्याकाळी मैदानावर जाऊन गुलशनच्या पोरांवर घसा फुटेस्तोवर ओरडलं, की ते घरी शांतपणे जेवत. आता तेवढी एक जागाही गेली.

मग ते घरातच ओरडू लागले. चहा गरम का, पंखा हळू का, शेजारची कोंबडी ओट्यावर का!

"मेरे पे कायको चिल्ला रहे?" त्यांच्या पत्नी खुर्शीदबी म्हणाल्या. "मैं गोलकीपर हूँ क्या?"

चाचा थबकले. संतापलेल्या डोक्यात एक विचार चमकला. आपण पनौती असू, तर ती अमरावतीवाल्यांनाच लागू दे की!

तोंडाला रुमाल गुंडाळून ते मैदानावर गेले आणि पलीकडच्या बाजूला, अमरावतीच्या लोकांमध्ये जाऊन बसले. पुढ्यातच अमरावतीचे प्रशिक्षक खुशालराव उभे होते.

बेत उत्तम होता. पण सवयीला कोण आवरणार? पहिल्याच मिनिटात गुलशनच्या अफनानच्या बाजूने चेंडू सुटला आणि रुमालातून आरोळी उठली, "अरे, डावीकडं वळ ना बे! जनमात कवा डावीकडं वळला नाही हा अफनान!"

खुशालराव झटकन मागे वळले. "खरं म्हनता काय, भाऊ?"

"खरं नाही तं काय! बैल बी वळते, पन हा नाही वळत!"

खुशालरावांनी शिट्टी मारून आपल्या पोरांना खूण केली. अमरावतीने अफनानच्या डावीकडून चेंडू काढला. गोल!

आजूबाजूचे लोक चाचांच्या पाठीवर थापा मारू लागले. कोणी शेंगदाण्याचा पुडा पुढे केला. चाचांनी मात्र तो परत सारला. आपण काय करून बसलो, हे आता त्यांना कळलं.

"आता कुठून जायचं, भाऊ?" खुशालरावांनी आदराने विचारलं.

चाचांनी डोकं चालवलं. उजवीकडे स्वतः सहदेव होता, संघातला सर्वांत भक्कम गडी. "उजवीकडून जा," ते ठणकावून म्हणाले. "तिकडं तं अगदीच भुसा भरला हाय."

अमरावतीचा गडी उजवीकडून आला. सहदेव त्याला अडवायला धावला आणि आपल्याच पायात पाय अडकून पडला. दुसरा गोल! गुलशन क्लबबद्दल खोटं बोलायचीसुद्धा सोय नव्हती.

खुशालरावांनी चाचांना मिठीच मारली. "पुढच्या मॅचले गाडी पाठवतो तुमच्यासाठी!"

"तुमची गाडी घाला चुलीत!" चाचा गरजले आणि तडक घरी आले.

सामना संपल्यावर सहदेव, अफनान आणि बाकीची पोरं माना खाली घालून दारात उभी राहिली. कोणीतरी पाहिलं असावं, या भीतीने चाचांनी गादी पुढे ओढली.

सहदेव त्यांच्या पायाशी बसला. "माफ करा, चाचा. आज तुमी नव्हते, तरी आमी हारलो. तुमी पनौती नाही."

ज्या दिवशी चाचांनी गुलशनला खरोखर हरवलं, त्याच दिवशी ते निर्दोष सुटले. खरं सांगावं म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. पण आता मैदान परत मिळत होतं.

तेवढ्यात अफनान पुटपुटला, "पन चाचा, मी डावीकडं वळत नाही, हे त्यायले कोनं सांगतलं असन?"

"सांगाले कायले लागते?" चाचा असे ओरडले की शेजारची कोंबडी ओट्यावरून उडाली. "साऱ्या अकोल्याले मालूम हाय! चाल ऊठ! आधी माह्यासमोर डावीकडं वळून दाखव!"