जिवली नापास झाली

बाळांनो, एका जंगलात एक दवाखाना होता. डॉक्टर होते घोडेसाहेब, शहरातून बदलीवर आलेले. जंगल साळिंदरांचं, पण दवाखान्याच्या नोकरीत साळिंदर एकच. जिवली. ती वॉर्डात आया होती.

आजारी साळिंदरं दवाखान्याचं नाव काढलं की बिळात शिरायची. जिवलीने कारणही सांगून पाहिलं. "साहेब, आम्हाला उताणं निजवू नका. काटे मोडतात, जीव जातो. कुशीवर निजवा."

"खाटेचा नियम आहे," घोडेसाहेब म्हणाले.

पेशंट येत नाहीत, हे वरती कळलं. मग वरून प्रशिक्षण आलं, 'साळिंदर समजून घेऊ या'. शिकवायला राजधानीतले मोरगुरुजी.

गुरुजींनी साळिंदर कधी पाहिलं नव्हतं, पण अभ्यास दांडगा. "साळिंदर आनंदाने काटे वाजवून स्वागत करतं. आपणही तसंच करायचं." प्रत्येकाला एकेक खुळखुळा मिळाला.

जिवलीने हात वर केला. "गुरुजी, काटे आम्ही चिडल्यावर वाजवतो."

"अनुभव नंतर. आधी लिहून घ्या."

तिसऱ्या दिवशी परीक्षा झाली. घोडेसाहेब पहिले आले. जिवली नापास. नापासांना वॉर्डबंदी, म्हणून ती व्हरांडा पुसू लागली.

दुसऱ्याच दिवशी साळिंदरांचा लखमाआजा आला, तापाने फणफणलेला. दारातच आठ जणांनी त्याला घेरून खुळखुळे वाजवले. म्हातारा हादरला. अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

"बघा, उलट नमस्कार केला!" घोडेसाहेब गहिवरले. मग त्यांनी त्याला प्रेमाने उताणा निजवला.

आजा किंचाळला तशी जिवली फडकं टाकून धावली. "सरा बाजूला!" तिने त्याला कुशीवर वळवलं, आपल्या बोलीत समजावलं. आजाने काटे मिटले, औषध घेतलं. तीन दिवसांत ताप उतरला.

जाताना तो म्हणाला, "पोरी, तू आत असशील तर म्हातारीलाही आणीन."

घोडेसाहेबांनी अहवालात लिहिलं, 'प्रशिक्षणाचा उत्तम परिणाम'. जिवलीला मेमो मिळाला, परवानगीशिवाय वॉर्डात शिरल्याबद्दल.

ती पुन्हा परीक्षेला बसली. प्रश्न तोच, साळिंदर काटे कधी वाजवतं? तिला आजाची म्हातारी आठवली. मग तिने लिहिलं, 'आनंद झाल्यावर'.

पहिला वर्ग मिळाला, वॉर्डबंदी उठली.

आता वॉर्ड भरलेला असतो. परवा राउंडला घोडेसाहेब थबकले. "ही सगळी कुशीवर का?"

"मोरगुरुजींनी सांगितलंय, साहेब," जिवली म्हणाली.

"असं होय! मग बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र ते स्वतःबद्दलचं असेल, तर दुसऱ्याच्या नावावर बोलावं.