दत्ताजीशेठांचं विमान मी उतरवलं

विमान उतरवायला ते चालवता यावं लागतं, हा निव्वळ गैरसमज आहे. अठ्ठावन्न साली मद्रासला मी आमच्या शेठचं विमान जमिनीवर उभं राहून उतरवलं, आणि तेही पायात चपला घालून!

आमचे मालक दत्ताजीशेठ कोल्हापूरचे. दोन माणसांचं छोटं विमान स्वतःच चालवायचे. मद्रासमधल्या गिंडीच्या आमच्या कचेरीत मॅनेजरची जागा रिकामी होती. ती मला द्यायची की नाही, हे ठरवायला ते येणार होते. तांबरमच्या पलीकडे लढाईच्या काळातली एक पडीक धावपट्टी होती; तिथे शेठ पहिल्यांदाच उतरणार होते. मी ट्रंककॉलवर ठणकावून सांगितलं, "काळजी सोडा. तिथलं बारीकसारीक मी जातीनं बघतो."

बघण्यासारखं तिथे एकच होतं. खांबाला एक लांबट कापडी पिशवी होती. वारा सुटला की ती फुगून आडवी होते, पडला की लोंबते. विमानवाला वरून तीच बघून वेग ठरवतो. ती फाटली होती म्हणून दोन दिवस आधी मी घरी आणली आणि शिवायला सासूबाईंच्या हाती दिली.

सासूबाई म्हणजे सईबाई, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या. कांजी न केलेलं कापड त्यांना आजारी वाटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी पांढरीशुभ्र होऊन ओट्यावर उभी होती. खरोखरच उभी!

"पाहुण्यापुढं मळकं वस्त्र टांगतात काय?" त्या म्हणाल्या. "धुतलें, दोनदां कांजी केलें, आंत मडकं घालून वाळविलें."

मी तोंड भरून कौतुक केलं. गाडीत ती दुमडेना, म्हणून तांबरमपर्यंत कडेवर घेऊन गेलो. विमान बघायला सासूबाईही आल्या, पाहुण्यासाठी इडल्यांचा डबा घेऊन.

दुपारी ताडाचं एक पान हलत नव्हतं. पिशवी मात्र खांबावर ताठ आडवी. मला ती फार रुबाबदार वाटली. शेठना वरून ते वादळ वाटलं. समोरून सोसाट्याचा वारा आहे, तो विमानाला आवरेल, अशा हिशेबाने ते भरधाव आले. आवरायला कुणीच नव्हतं. विमान टेकलं, आमच्यासमोरून गेलं, धावपट्टी संपली तरी जात राहिलं आणि भाताच्या खाचरात नाक खुपसून थांबलं.

शेठ चालत आले. लागलं कुठेच नव्हतं, पण गळ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी पिशवी खाली उतरवायला लावली आणि तिच्यावर बोटाने टकटक केलं. दारावर केल्यासारखा आवाज आला.

"ही कुणी धुतली?"

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. डबा त्यांनी पदराखाली घेतला. मला फार वाईट वाटलं. माझ्याच कामासाठी बाई दोन दिवस राबली होती.

"मी," मी म्हणालो.

शेठनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उमाकांतराव, मॅनेजर मी दुसरा बघतो," ते शांतपणे म्हणाले. मग अंगातला चिखलाचा सदरा काढून माझ्या हातात दिला. "पण तुमचा हात चांगला आहे."

तेव्हापासून शेठ दरवर्षी मद्रासला येतात, आगगाडीने. नव्या मॅनेजरशी हस्तांदोलन करतात आणि धुण्याचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवतात.