रूबेनकाकांची भरपाई

रूबेनकाकांसमोर 'आयच्यान' म्हणायची सोय नव्हती. म्हटलंत की गेलात.

नेसरीहून लग्न होऊन मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले आणि पहिल्याच आठवड्यात सापडले. दारात दूधवाल्याला म्हणाले, "आयच्यान, काल दुधात पाणी होतं!" तर शेजारच्या घरातून एक उंच, किडकिडीत म्हातारा चष्मा पुसत बाहेर आला.

"सूनबाई, खरंच आईची शपथ घेतलीस, का नुसतं तोंडातनं गेलं?"

"तोंडातनं गेलं."

"मग भरपाई लागती. नवरा काय करतो?"

"शिक्षक हायत."

"म्हणजे दोन कोंबड्या."

रूबेनकाका बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी ज्यू. पेठेत त्यांचं एकच घर. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळं दुसऱ्याचा चुकीचा शब्द त्यांना सहन होत नसे. त्यांच्या धर्मग्रंथात म्हणे, उगाच शपथ घेऊन विसरणाऱ्यानं देवाला अर्पण द्यायचं, पण ऐपतीप्रमाणं. झेपेल त्यानं मेंढी नाहीतर शेळी, न झेपेल त्यानं कबुतरांची जोडी, तेही न झेपेल त्यानं थोडं पीठ, बिनतेलाचं. जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासून हे सगळं बंद. काकांनी ते आमच्या गल्लीपुरतं चालू ठेवलं होतं. "कबुतर कोल्हापुरात कोण खातंय?" म्हणून कोंबड्या आल्या. रस्सा गल्लीनं खायचा, पिठाच्या गोळ्या रंकाळ्यातल्या माशांना. देणाऱ्यानं मात्र चाखायचंही नाही.

लोक हसत हसत देत. एकदा कोपऱ्यावरच्या सराफानं शपथ खाल्ली आणि वाटीभर पीठ पाठवून दिलं. काकांनी ते स्वतः परत नेलं. "श्रीमंतानं गरिबाचं अर्पण आणलं तर फिटत न्हाय, शेठ. मेंढरू काढा." भाजी विकणारी शेवंताक्का दर वाक्याला 'आयच्यान' म्हणायची. तिला पीठ सांगितलं की तिचा अपमान व्हायचा. ती रागानं कोंबडी आणून आपटायची. काका हात जोडून घ्यायचे. "गरिबानं श्रीमंताचं आणलं तर फिटतं. वर पुण्य!"

ते स्वतः कधी शपथ घेत नसत.

मुलगा इस्राएलला होता आणि एकदा तरी जेरुसलेम बघायचं, हा काकांचा जन्माचा ध्यास. त्यांच्या पत्नी दीनाकाकू मात्र हलायला तयार नव्हत्या. "तिथं माझ्याशी भांडायला कोण हाय?" म्हणायच्या.

मग काकूंचं हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी काकांशेजारी बसले होते. ते भिंतीकडं बघत पुटपुटले, "ही उठून घरी येऊ दे. मी जेरुसलेमचं नाव घेणार नाही. शपथ."

काकू उठल्या. घरी आल्या. मुलानं दोघांची तिकिटं पाठवली आणि काकूच म्हणाल्या, "चला, तुमची हौस होऊन जाऊ दे." तर काका नाहीच म्हणायला लागले. गुडघे दुखतात म्हणे! काकू हिरमुसल्या, तेव्हा मी त्यांना बाकावरची गोष्ट सांगितली.

त्या तरातरा काकांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "गल्लीभर भरपाया घेत हिंडता. मोडा की तुमची!"

"मोडली आणि तुला काय झालं तर?" काका म्हणाले.

"काय व्हायचं ते तिथं देवाच्या दारात होईल. पण तुमचं मन मारून वाचले असं मला नको. भरपाई द्या आणि चला."

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी काका मेंढरू घेऊन आले.

दवाखान्यात त्यांची होती नव्हती ती शिल्लक संपलेली, हे गल्लीला ठाऊक होतं. दुपारी पंगत बसली. काका स्वतः वाढत होते. शेवंताक्का सगळ्यांदेखत ओरडली, "अवो काका, तुमच्या ऐपतीला पीठच बसतंय की! मेंढरू कशाला?"

काका पळी हातात धरून थांबले. काकू दारात खुर्ची टाकून, कोण किती खातंय ते निरखत बसल्या होत्या.

"ती बघ, बसलीया," काका म्हणाले. "आणि तू मला गरीब म्हणतीस व्हय?"

शेवंताक्कानं वाटी पुढं केली.