शंभर टक्के समाधानकारक पास्ता

तक्रार निवारण कार्यालयातली एकतीस वर्षांची सेवा आटोपून साहेब निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यावर स्वयंपाकघराचा अतिरिक्त कार्यभार येऊन पडला. मुलीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. बाईसाहेबांना संध्याकाळच्या गाडीने तिच्याकडे जायचं होतं, पण मागे नवरा आणि पंच्याऐंशी वर्षांचे सासरे उपाशी राहणार नाहीत याची खात्री पटल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

"एक पदार्थ धड करून दाखवा, की मी निघाले," त्या म्हणाल्या.

साहेबांनी इटालियन गोड-खारट पास्ता मुक्रर केला. परतलेला कांदा, मनुका, अक्रोड, किसलेलं चीज. सगळं सुरळीत चाललं होतं, पण शेवटी कृतीत 'चवीनुसार मीठ' असं लिहिलेलं निघालं आणि साहेब थबकले. कोणाच्या चवीनुसार? सक्षम अधिकारी कोण? बराच विचार करून त्यांनी निवाडा दिला की दोन्ही चवींना समान न्याय मिळावा : चार चमचे साखर, चार चमचे मीठ. हा निर्णय कागदावर उतरवून खाली सही-तारीख घालेपर्यंत पास्ता उकळत्या पाण्यात फुगत राहिला.

अण्णांनी, म्हणजे साहेबांच्या वडिलांनी, पहिला घास घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

"अरे, हे काय करून ठेवलंयस?"

"तक्रार आहे का, अण्णा?" साहेबांनी खिशातून छापील अर्ज काढला. "जरूर करा. फक्त ताट संपवल्याशिवाय तक्रार दाखल करून घेता येत नाही. अर्धवट चाखून मत देणं योग्य नाही."

"आणि संपवलं तर?"

"मग तक्रार कसली? आवडलं म्हणूनच संपलं ना!"

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. सूनबाई घड्याळाकडे पाहत होत्या. बाईसाहेबांनी आपल्या तोंडातला घास कसाबसा गिळला, वर पेलाभर पाणी रिचवलं आणि साहेबांपुढे हात केला.

"पेन द्या."

अर्जावरच्या अभिप्रायाच्या रकान्यात 'अतिसमाधानकारक'वर खूण, खाली सही. बॅग उचललीसुद्धा.

"सूनबाई, थांब गं!" अण्णा धडपडत उठले. "मीपण सही करतो. गाडीत आणखी एक जागा होईल का?"

"होईल की. चपला घाला."

साहेब दारापर्यंत धावले. "अगं, पण खरंच आवडला ना?"

"अहो, गाडी गाठायचीय मला!"

दार लागलं. साहेबांनी दोन्ही अर्ज नीट फाइलला लावले आणि मग स्वतः पहिला घास घेतला. तो घशाखाली उतरेना. तसेच गाल फुगवून बसले असताना त्यांना कार्यालयातली आपली खिडकी आणि तिच्यापुढची रांग आठवली. कडेवर पोर, काखेत छत्री, एक पाऊल दाराकडे आणि मान खाली घालून सही. ही सगळी माणसं खूश होऊन जातात, असं ते एकतीस वर्षं समजत आले होते. साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी घास थुंकला आणि तिसरा अर्ज ओढला, पण ताट अजून भरलेलंच होतं.

समोरच्या भिंतीवर निवृत्तीच्या वेळी मिळालेलं मानपत्र टांगलं होतं : 'प्रलंबित तक्रारी : शून्य.' आता तुम्ही हसताय, हसा. पण गेल्या खेपेला खिडकीतून पुढे सरकवलेल्या कागदावर तुम्हीही न वाचताच खूण केलीत ना? मग साहेबांना ते मानपत्र तुम्हीच दिलंय.