सत्कार गाडीपाशीच!

गुपित राखावं तर धनाजीनं, असं धनाजीचं स्वतःबद्दल ठाम मत होतं! आमदार धुळाप्पाअण्णांचा तो पीए. अण्णांची शुगर किती, कुणाचा फोन घ्यायचा नाही, सगळं त्याच्या पोटात. पोटही त्या मानानं ऐसपैस होतं. म्हणूनच पुण्याच्या डॉक्टरांनी अण्णांचे गुडघे दाबून बघितले आणि मान हलवली, तेव्हा खोलीत तिसरा माणूस फक्त धनाजी होता.

"वाटी झिजलीय, तोलही जातोय. यापुढं काठीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. या वयात पडलात तर अवघड होईल!"

परतीच्या वाटेवर इंदापूर आलं तसे अण्णा धनाजीकडं वळले. म्हणाले, "धनाजी, काठी धरली की तिकीट गेलं."

खोटं नव्हतं ते. अण्णांचं सगळं राजकारण पायांवर उभं होतं. जिथं रस्ता नाही अशा वस्त्यांवर ते चालत गेले, आणि 'अण्णा आले चालत!' ही घोषणा तालुक्यातल्या पोराटोरांना पाठ होती. आता निवडणूक तोंडावर आलेली, पक्षाला तरुण चेहरा हवा होता आणि पक्षातलाच गुरुशांत रोज सकाळी पळतानाचा व्हिडिओ टाकून आपला चेहरा दाखवत होता. त्यात घामच जास्त दिसायचा.

"मला खुर्चीचा सोस न्हाय रे," अण्णा म्हणाले. "पर वस्त्यांच्या पाण्याची पाइपलाइन अर्ध्यावर हाय. दुसऱ्यानं ती वरच्या बागायतदारांकडं वळवली, तर आपल्या लोकांनी काय करायचं?"

धनाजीला रात्रभर झोप लागली नाही, पण सकाळी दात घासता घासता अशी काही कल्पना सुचली की त्यानं फेस गिळला! धनगर वाड्यांवर मोठ्या पाहुण्याचा सत्कार कसा करतात? खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी! मानाची काठी कोण कोपऱ्यात ठेवतो? ती मिरवायचीच असते. तिच्यावर थोडा भार टाकला, तर कुणाच्या बापाला कळणार?

त्यानं लगोलग फोन फिरवायला सुरुवात केली. "हे बघा, अण्णा येणार. पर सत्कार आधी, अन् त्योबी गाडीपाशीच. घोंगडी नसली तरी चालंल, काठी पायजे!"

बेत फक्कड जमला. गाडीचं दार उघडायचं, हलगी वाजायची, काठी हातात पडायची आणि अण्णा राजासारखे उतरायचे. लोक टाळ्या पिटायचे. गाडीत मात्र काठी ठेवायची नाही, असा धनाजीचा सक्त नियम होता. विरोधकांनी गाडीत काठी बघितली, तर सत्काराचं सोंग उघडं पडलं असतं!

पण माणूस काय फक्त सत्कारालाच जातो? एका घरी म्हाताऱ्याचा दहावा होता. धनाजीनं थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. "तेवढा अण्णांचा सत्कार उरकून घ्या."

"दहाव्याला सत्कार?" मुलगा हबकला.

"वडलांची आठवण म्हणून द्या की कायतरी. काठीबिठी असंल."

दाराआड म्हाताऱ्याची काठी होती. ती मुलानं रडत रडत अण्णांच्या हाती दिली, अण्णाही रडले, आणि तिच्याच आधारानं पिंडापर्यंत गेले. कावळासुद्धा लगेच शिवला. धनाजीला वाटलं, त्यालाही निरोप गेला असावा.

सोलापुरातल्या विणकरांच्या सोसायटीनं मात्र घोटाळा केला. त्यांनी प्रेमानं चादर दिली, काठी नाहीच! अण्णांनी धनाजीच्या खांद्याचा असा आधार घेतला की तो एका बाजूनं दोन दिवस वाकडा चालत होता. पेपरात मात्र फोटोखाली छापून आलं, 'कार्यकर्त्यावर आमदारांचा जिव्हाळा'.

इकडं बंगल्यात काठ्या मावेनात. अण्णांच्या पत्नी विजयमालाकाकू वैतागल्या. "न्हाणीत काठ्या, देवघरात काठ्या! आता मेंढरं तेवढी आणायची राहिलीत धनाजी. तेवढी आण, म्हंजे मी बी रानात जाते!"

आणि मग तो मेळावा आला. सात रस्त्याजवळच्या मंगल कार्यालयात मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले होते. तिकिटाचं नाव तेच वर कळवणार. धनाजीनं गावोगाव निरोप दिले होते आणि प्रत्येक वाडीनं आपली काठी आणली होती. चुकायला जागाच नव्हती!

गाडी फाटकात थांबली. दार उघडलं. हलगी वाजली. काठी आलीच नाही!

फाटकाच्या बाजूला काठ्यांचा हा ढीग पडलेला आणि त्याच्यापुढं फौजदार उभे. मागच्या आठवड्यात दोन गट झेंड्याच्या दांड्यांनी एकमेकांना भिडले होते, म्हणून आत काठी न्यायला बंदी!

"साहेब, एक काठी द्या," धनाजी घामाघूम झाला.

"कशाला?"

"सत्काराला."

"शाल द्या की."

"शालीवर उभं..." धनाजीनं जीभ चावली. "म्हंजे, आमच्यात काठीलाच मान असतोय."

तिकडं मंडपात निरीक्षक मान उंचावून गाडीकडं बघत होते. गुरुशांत त्यांच्या कानाशी लागून हसत होता. गाडीत अण्णांनी एक पाय बाहेर टाकला, दार घट्ट धरलं आणि डोळे मिटले. धनाजीनं फौजदारांपुढं हात जोडले. आता अण्णा पडणार, आणि त्यांच्याबरोबर पाइपलाइनही!

फौजदारांना काय दिसलं कोण जाणे. ते हलक्या आवाजात म्हणाले, "एकच घ्या. लवकर."

धनाजीनं ढिगातली काठी ओढली, तर तिच्या टोकाला काळं रबर! त्यानं दुसरी उपसली. तिलाही रबर. तिसरीलाही! दवाखान्यातल्या काठीला असतं तसं, नवंकोरं. सगळ्या काठ्या एकाच उंचीच्या, अण्णांच्या कमरेला येतील अशा.

"ती खालची घे लेकरा, तिची मूठ रुंद हाय," मागून आवाज आला. वस्तीवरची मायाक्का होती, अण्णांहूनही थोरली.

"आक्का, मानाच्या काठीला रबर?"

"मग? फरशीवर सरकती न्हवं! मागच्या सभेत धुळाप्पा जरा घसरला की."

"म्हंजे तुमाला ठावं हाय?"

"त्या दहाव्याला कळलं समद्यांना. सत्काराची काठी कुनी एवढी दाबून धरतंय व्हय?"

"मग बोलला का न्हाय कुणी?"

"तुला वाईट वाटलं असतं की! एवढा राबत हुतास लपवायला." मायाक्कानं पदरानं तोंड पुसलं. "माझी सून अडली तवा गाडी येत नव्हती. बाजंला खांदा देऊन ह्योच चालला हुता दवाखान्यापतूर. त्यो नातू आज यष्टीत कंडक्टर हाय. आमच्यापायी झिजल्याला गुडघा त्यो, आमी न्हाय झाकायचा तर कुनी?"

 धनाजी तिच्या पाया पडला आणि काठी घेऊन धावला.

गाडीचं दार उघडंच होतं, अण्णांनी सगळं ऐकलं होतं. ते काठी टेकत सावकाश मंडपात गेले आणि माइकपुढं काठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"गुडघा गेलाय," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमाला ठावं न्हाय. तुमाला वाटलं, मला ठावं न्हाय की तुमाला ठावं हाय! लई उपकार झाले बाबांनो. आता चालत येनं व्हायचं न्हाय. पर डोकं शाबूत हाय, फोन उचलतो, अन् पाणी आनल्याबिगर ही काठी ठेवत न्हाय!"

मंडप दणाणला. लोक बाकांवर चढले, हलगीवाल्याला कुणी थांबवू शकेना. अण्णा उपरण्यानं डोळे पुसत होते आणि धनाजी तर उघडच रडत होता, तेवढ्यात निरीक्षकांनी त्याला बोटानं जवळ बोलावलं.

"यांचंच नाव कळवतो," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "तुम्ही गुपित राखण्यात पटाईत आहात, असं ऐकलं."

धनाजीची छाती पुन्हा फुगली. "पोटातलं ओठावर येत न्हाय साहेब!"

"मग ऐका. सकाळपासून मी या खुर्चीतून उठलेलो नाही. कंबर धरलीय. जाताना माझाही एक सत्कार... घोंगडी नको. कुणाला कळता कामा नये हं!"

"बिनघोर राहा साहेब!" धनाजी छाती पुढं काढून वळला, तर मायाक्का वाटेतच उभी. पलीकडं फौजदार मुकाट्यानं आभाळाकडं बघत होते.

"ही घे," ती दुसरी काठी पुढं करत म्हणाली, "त्या मुंबईवाल्याच्या मापाची. सकाळधरनं बसूनच हाय बिचारा. तवाच दांडा कापून घेतला."